जांभ्यावरच्या घरात अर्थिंगचे आकडे दर वेळी वेगळे का येतात?

कातळावरचा

राजापूर तालुक्यात आमचं घर सड्याच्या (खडकाळ पठाराच्या) कडेला आहे. दीड-दोन फूट खणलं की जांभा लागतो. घरी आई-बाबा दोघंच, मी पुण्याहून येऊन-जाऊन असतो. पावसाळा संपल्यापासून आईला न्हाणीघरात गीझरच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. रोज नाही, मधूनच. म्हणून धागा काढतोय, जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

गावातल्या वायरमनने फेज (वीज आणणारी तार) आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून दाखवला, लख्ख पेटला. "अर्थिंग ओके" म्हणून तो गेला. दुसरा आला, त्याने सॉकेटमध्ये मीटर घातला आणि नवीन खड्डा मारायला सांगितला. शेवटी मी स्वतः मल्टिमीटर आणला. आकडे असे, सगळे एसी व्होल्ट, क्रम फेज-न्यूट्रल (न्यूट्रल म्हणजे करंट परत नेणारी तार), फेज-अर्थिंग, न्यूट्रल-अर्थिंग:

पडवीतला बोर्ड, सकाळी: २१८, २२४, ६
स्वयंपाकघर, फ्रिजचा सॉकेट, दुपारी: २१७, ९६, ७१
न्हाणीघर, संध्याकाळी: २१६, १७४, ४२
परत पडवी, रात्री जेवणानंतर: २०५, २१९, १४

अर्थिंग एकच आहे. घर बांधताना मागच्या बाजूला नळी पुरून मीठ-कोळसा भरलेला. मग एकाच घरात चार तऱ्हा कशा? डीपी (ट्रान्सफॉर्मर) वाडीच्या दुसऱ्या टोकाला, सर्व्हिस वायर लांबून येते. बोअरचा पंप एक एचपी, सिंगल फेज. बाबा संध्याकाळी टाकी भरायला लावतात.

सुपारीबाग

आमच्याकडे गुहागरलाही असंच व्हायचं. बाकीचं नंतर बघा, आधी आईंना सांगा की गीझर बंद करूनच आंघोळीला जायचं. त्यांना सवय लागेपर्यंत रोज फोन करा.

मेगर

सुपारीबाग, काळजी अगदी योग्य आहे, पण या घरात गीझर बंद करून भागणार नाही. संध्याकाळचे आकडे नीट बघा. व्होल्टेज गीझरमधून येत नाहीये, हिरव्या, म्हणजे अर्थिंगच्या वायरीतून येतंय. गीझरचा स्विच फेज तोडतो, अर्थिंग तोडत नाही. त्यामुळे स्विच बंद असला तरी नळ तितकाच जिवंत राहतो. कातळावरचा, आज संध्याकाळपासून पंपाचा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) खाली पाडून ठेवा आणि पाण्याची दुसरी सोय करा. मग पुढचं वाचा.

तीन आकडे हे एकमेकांच्या हिशेबात वाचायचे असतात. नुसता "न्यूट्रल-अर्थिंग किती" असं विचारून काही कळत नाही.

सकाळची पडवी घ्या. २१८ आणि ६ मिळून २२४. म्हणजे अर्थिंग जमिनीच्या पातळीवर आहे आणि न्यूट्रल सहा व्होल्टने वर उचललेलं आहे. डीपीपासून तुमच्यापर्यंतच्या न्यूट्रलच्या तारेतून वाडीचा करंट परत जातो, तारेला स्वतःचा रोध (करंटला अडथळा) आहे, तिथे हे व्होल्ट पडतात. रात्री तेच १४ झाले, कारण घरोघरी टीव्ही, मिक्सर, पंखे सुरू झाले. २०५ आणि १४, बरोबर २१९. इथे अर्थिंगचा दोष नाही. पण १४ जरा जास्त आहेत आणि फेज-न्यूट्रल २०५ पर्यंत उतरलंय. पोलवरचा किंवा मीटरजवळचा न्यूट्रलचा जोड बघून घ्या. वाडीत तिन्ही फेज असतील तर बेरीज इतकी चोख जमत नाही, दोन-चार व्होल्ट इकडेतिकडे होतात, तेवढं सोडून द्यायचं.

आता न्हाणीघर. २१६ मधून ४२ गेले, राहिले १७४. इथे बेरीज नाही, वजाबाकी आहे. म्हणजे चित्र उलटं झालं. न्यूट्रल वर गेलेलं नाही, अर्थिंगच वर गेलंय. फेजचा करंट कुठून तरी (माझा संशय संध्याकाळी चालणाऱ्या पंपावर) अर्थिंगमध्ये शिरतोय आणि तुमची नळी तो जमिनीत मुरवू शकत नाहीये. न्यूट्रल स्वतः त्या वेळी आठ-दहा व्होल्ट वर असणार, म्हणून ओल्या जमिनीच्या मानाने नळ ४२ वर नाही, पन्नाशीच्या आसपास आहे. कोरड्या जागी ५० व्होल्ट ही स्पर्शाची मर्यादा धरतात, ओल्या जागी २५. मुंग्या येण्यावर निभावलंय तोवर हालचाल करा.

स्वयंपाकघरात बेरीजही जमत नाही आणि वजाबाकीही. ९६ आणि ७१ चा २१७ शी काहीच मेळ नाही. याचा अर्थ त्या सॉकेटचं अर्थिंग तुटलेलं आहे. हिरवी वायर मधेच कुठेतरी लोंबकळतेय. डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो, त्यामुळे शेजारून जाणाऱ्या फेजच्या वायरीतून नुसत्या सान्निध्याने आलेलं भुताटकी व्होल्टेजही तो प्रामाणिकपणे दाखवतो. मीटर जोडलेला असताना तिथे फेज-अर्थिंगमध्ये जुना पिवळा बल्ब लावा. बल्ब पेटणार नाही.

म्हणजे चार तऱ्हा नाहीत. तीन वेगळे दोष आहेत, आणि तुम्ही वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या दोषाला भेटलात.

काळीमाती

वाचतोय. मेगर साहेबांचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला.

आमच्याकडे यवतमाळला नळी ठोकली की मीटर तीन-चार ओहम दाखवतो, मीठही लागत नाही. कोकणात एवढा त्रास का होतो?

मेगर

मातीचा फरक. उभ्या सळईचं सूत्र आहे: मातीचा विशिष्ट रोध भागिले (२π गुणिले लांबी), आणि त्याला लांबी-जाडीच्या गुणोत्तराच्या लॉगमधून येणाऱ्या आकड्याने गुणायचं. हिशेब मी करून देतो. तीन मीटर लांब, १६ मिलिमीटर जाड सळई. माती १० ओहम-मीटरची, म्हणजे ओली काळी रेगूर, असेल तर उत्तर येतं साडेतीन ओहमच्या आत. १०० ओहम-मीटरला साधारण ३३. आणि १००० ओहम-मीटरला, जे कोरड्या जांभ्यात सहज मिळतं, ३३५. सळई तीच, मजूर तेच, खड्डाही तेवढाच. सळई जाड केली म्हणून फारसा फरक पडत नाही, कारण जाडी लॉगच्या आत आहे. लांबी वाढवली तर पडतो.

शिवाय जांभा सच्छिद्र. पावसात पाणी धरतो, मार्च-एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत होतो. मीठही कोकणच्या पावसात काही वर्षांत धुऊन जातं. म्हणून तिथे ऑगस्टमधला आकडा मे महिन्यात खरा राहत नाही.

चौदा_गेज

मी चिपळूणला वायरिंगचीच कामं करतो. बल्बबद्दल लिहितो, कारण आमच्या धंद्यात सगळे बल्बावरच विसंबतात आणि दोष त्यांचा नाही, शिकवलंच तसं जातं.

१०० वॅटचा बल्ब २३० व्होल्टला ०.४३ अँपियर घेतो. तापलेल्या फिलामेंटचा रोध ५३० ओहमच्या आसपास. आता अर्थिंग ५० ओहमचं असलं तरी बल्बाला २१० व्होल्ट मिळतात. डोळ्याला फरक कळत नाही, गिऱ्हाईक खूश. १०० ओहमलाही बल्ब जरासा पिवळट दिसतो, एवढंच. पण त्याच १०० ओहमच्या अर्थिंगवर गीझरची कॉइल फुटून पूर्ण फेज पत्र्याला लागला तर करंट किती जाणार? दोन-सव्वादोन अँपियर. सोळाचा एमसीबी हलणारसुद्धा नाही. गीझर अख्खा २०० व्होल्टच्या वर जाऊन बसेल, आणि घरातल्या प्रत्येक तीन पिनी वस्तूचं धातूचं अंगही.

बल्बाचा खरा उपयोग असा. घरातला बाकी लोड बंद, पंप बंद. फेज-अर्थिंगचं व्होल्टेज घ्यायचं. मग त्याच दोन टोकांत बल्ब लावून परत घ्यायचं. जेवढे व्होल्ट पडले त्याला बल्बाच्या करंटने भागायचं, अर्थिंगचा अंदाज मिळतो. एलईडी बल्ब अजिबात नको, तो जेमतेम करंटवरही पेटतो. आणि ही चाचणी चालू असताना घरातल्या वस्तूंची सगळी अंगं तेवढ्या व्होल्टेजवर जातात, तेव्हा न्हाणीघरात कोणी नसलं पाहिजे आणि हे काम वायरमननेच करायचं. घरच्या माणसांनी हौसेने करू नये.

मेलबर्नकर

इथे ऑस्ट्रेलियात मेन बोर्डमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग पट्टीने जोडलेलं असतं, तसा नियमच आहे. मग फॉल्ट झाला की मोठा करंट न्यूट्रलमधून जातो आणि ब्रेकर पडतो. जांभ्यात हाच सोपा उपाय नाही का? न्यूट्रल-अर्थिंगही शून्य येईल.

चौदा_गेज

दादा, हात जोडून सांगतो, हे इथे कोणी वाचून करू नका. हे काम मी लोकांच्या घरात उघडून काढलेलं आहे. सॉकेटच्या मागे न्यूट्रलमधून अर्थिंगच्या पिनला इंचभर वायरचा तुकडा. मीटर शून्य दाखवतो, वायरमनचे पैसे सुटतात. मग जूनमध्ये फांदी पडून पोलवरचं न्यूट्रल तुटतं. फेज चालूच असतो. करंट पंख्यातून, फ्रिजमधून न्यूट्रलवर येतो, पुढे जायला वाट नाही, तो त्या तुकड्यातून फ्रिजच्या दारावर उतरतो. घरात काही बिघडलेलं नसताना फ्रिजचं दार २३० व्होल्ट.

मेगर

मेलबर्नकर, तुमच्याकडे ते चालतं कारण तिथली सगळी व्यवस्था त्या जोडावर उभी आहे. न्यूट्रल जागोजागी जमिनीला जोडलेलं असतं, प्रत्येक घराची सळई त्याला हातभार लावते, आणि जोड एकाच ठरलेल्या जागी असतो. आपल्या गावात उघड्या तारांवर येणारं न्यूट्रल एकटं आहे. ग्राहकाने स्वतःचं वेगळं अर्थिंग करायचं, अशी ती पद्धत आहे. दोन्हींतली अर्धी-अर्धी घेतली की माणूस मरतो.

कमी ओहम मिळत नसतील तिथे उत्तर आरसीसीबी आहे, म्हणजे फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत फरक पडला की लाईट तोडणारा स्विच. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आणि ११०-१२० ओहमचं अर्थिंग, गुणाकार करा, साडेतीन व्होल्ट. म्हणजे वस्तूचं अंग साडेतीन व्होल्टवर जाईपर्यंतच तो पडलेला असेल. एमसीबीला हे जन्मात जमणार नाही. कातळावरचा, तुमच्या डीबीत (स्विचच्या मुख्य पेटीत) आरसीसीबी आहे का? नसेल तर पंप दुरुस्त करण्याआधी तो बसवा.

कातळावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी आलोय, चांगला वायरमन मिळाला, त्याला हा धागाच वाचायला दिला.

आरसीसीबी आहे! बाहेरून बघितलं तर लिव्हर वर, सगळं ठीक. डीबीचं झाकण काढलं तेव्हा दिसलं की वरच्या फेजच्या स्क्रूतून एक लाल वायर बाजूने वळवून खालच्या फेजच्या स्क्रूत घातलीय. तसंच काळ्याचं. म्हणजे करंट त्याला वळसा घालून जातोय, तो पडो की न पडो. बाबांना विचारलं. म्हणाले, "पंप लावला की लाईट जायची म्हणून त्याने सरळ करून दिलं." पंप लावला की लाईट जायची! हे वाक्य ऐकल्यावर बाकी तपासाची गरजच नव्हती.

दोन्ही तुकडे काढले. पंप लावला. स्टार्टर खटकन् लागला आणि त्याच क्षणी आरसीसीबी पडला. पंप सोडून बाकी सगळं घर चालू ठेवलं, पडत नाही.

स्वयंपाकघरातला सॉकेट उघडला. हिरवी वायर अर्थिंगच्या स्क्रूखाली आहे, ओढली तरी निघत नाही. वायरमनने टॉर्च मारून दाखवलं: सोललेलं तांबं पलीकडे उघडं बाहेर आहे आणि स्क्रूने दाबलंय ते प्लास्टिकचं आवरण. गेली कित्येक वर्षं फ्रिज अर्थिंगशिवाय चाललाय. परत सोलून लावली, आता तिथेही पडवीचेच आकडे येतात.

बल्बाची चाचणी त्यानेच केली, आई-बाबांना मांगरात (बाहेरच्या शेडमध्ये) पाठवून. आधी २२४, बल्ब लावल्यावर १८१. करंट मीटरमधून ०.३८ अँपियर. म्हणजे ११३ ओहम.

मेगर

उत्तम काम. लाल-काळ्या तुकड्यांचं ऐकून वाईट वाटलं, पण नवल नाही. पंपाच्या गळतीचा अंदाजही बघा: पन्नासेक व्होल्ट भागिले ११३, अर्ध्या अँपियरच्या आसपास. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी पडायचा तो उगाच नव्हे.

आता शक्य असेल तर अर्थ टेस्टरने (जमिनीत सळया रोवून अर्थिंगचा रोध मोजायचं यंत्र) एकदा खरं माप घ्या. नळीपासून सरळ रेषेत ३० मीटरवर करंटची सळई, साडेअठरा मीटरवर व्होल्टेजची. मोजताना मेन स्विच बंद हवा आणि नळी घराच्या वायरीपासून सुटी केलेली हवी. व्होल्टेजची सळई दोन मीटर पुढे-मागे सरकवून बघा. तिन्ही आकडे जवळजवळ आले तरच खरे. जांभ्यावर सळया नीट रुतत नाहीत आणि मग आकडा नाचतो, तिथे माती असलेली दिशा शोधा आणि सळईभोवती पाणी ओता. आणि कोणी क्लॅम्पचा (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा) मीटर घेऊन आला तर नको म्हणा. एकाच सुट्या नळीवर त्याला फेरी पूर्ण करायला वाट नसते, तो काहीही दाखवेल. मल्टिमीटरचा ओहमही जमिनीला लावायचा नसतो.

कातळावरचा

रत्नागिरीहून टेस्टर मिळाला. सड्याच्या बाजूला सळया ठोकल्या तर एकदा १९०, एकदा २६०, हात लावला की बदलतोय. मग कुणग्याच्या (भातशेताच्या) दिशेने ओळ धरली, तिथे माती खोल आहे. पाणी ओतलं. साडेसोळा मीटरला १०९, साडेअठराला ११२, साडेवीसला ११६. बल्बवाल्या हिशेबाशी किती जवळ आलं बघा.

पंपवाल्याने मोटर वर काढली. गळती मोटरमध्ये नव्हती, केबलच्या जोडात होती. टेपच्या खाली पाणी शिरून जोड फुगलेला, कापल्यावर आतून हिरवट पाणी आलं. नवीन जोड वॉटरप्रूफ किटने केलाय. इन्सुलेशन मोजायचा मेगर मीटर लावून बघितलं, ठीक आहे. आता पंप चालू असतानाही आरसीसीबी उभा आहे आणि न्हाणीघरात आकडे आले २१५, २२४, ९. वजाबाकीची बेरीज झाली!

न्यूट्रलचा जोड लाईनमनने पोलवर करून दिला. अॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याची वायर नुसती गुंडाळलेली होती, पांढरी भुकटी जमलेली. रात्रीचे १४ आता पाचवर आलेत.

एकच प्रश्न राहिला. नवीन अर्थिंग करायचं की नाही?

चौदा_गेज

करा, पण घराच्या मागे जांभा फोडून नको. तिथे दुसरी नळी घातली तरी पैशांच्या मानाने पदरात थोडंच पडेल. कुणग्याच्या कडेला, जिथे तुमच्या सळया रुतल्या, तिथे तीन मीटरच्या दोन सळया घ्या, एकमेकींपासून सहा मीटर लांब. जवळ ठोकल्या तर दोघी एकाच मातीत करंट सोडतात, फायदा निम्मा होतो. मिठाऐवजी बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) भरा, ते पाणी धरून ठेवतं आणि धुऊन जात नाही. तिथून घरापर्यंत जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी नांगराला लागणार नाही इतकी खोल न्या. तिचे जोड वेल्ड करा आणि त्यावर डांबर द्या. जुनी नळी तोडू नका, नवीनच्या सोबत जोडून ठेवा.

आणि पंपाला स्वतःचा वेगळा आरसीसीबी द्या. म्हणजे उद्या बोअरमध्ये परत काही झालं तर फक्त पंप बंद पडेल, घर अंधारात जाणार नाही, आणि वळसा घालायचा मोह कोणाला होणार नाही.

सुपारीबाग

हा धागा वाचून आमच्याकडे मीटर लावला. दिवसा २२०, २२५, ५. पण लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर त्याच सॉकेटला २२८, ११५, १०८ येतात. अर्थिंग गेलं का?

मेगर

ताई, घाबरू नका. काही इन्व्हर्टर बॅटरीवर गेले की त्यांचं न्यूट्रल बाहेरच्या न्यूट्रलपासून सुटं होतं. मग फेज आणि न्यूट्रल दोन्ही जमिनीच्या मानाने तरंगतात आणि मीटर अर्धं-अर्धं दाखवतो. लाईट आल्यावर परत २२०, २२५, ५ येत असतील तर हिरवी वायर शाबूत आहे. मात्र तरंगत्या अवस्थेत पहिल्या गळतीला आरसीसीबी पडेलच याची खात्री नसते. म्हणून लाईट गेलेली असताना ओल्या हाताने काही हाताळायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगा.

सुपारीबाग

धन्यवाद. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं तर पडतो. म्हणजे अर्थिंग चांगलं असं समजू ना?

चौदा_गेज

नाही ताई. ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्ये छोटासा फरक निर्माण करतं, अर्थिंगची वायर त्यात येतच नाही. अर्थिंग मुळीच नसलं तरी तो पडेल. बटण महिन्यातून एकदा दाबायचं ते आरसीसीबी जाम झाला नाही ना हे बघायला. अर्थिंग वेगळं मोजून घ्यायचं, आणि मोजायचं ते एप्रिल-मे मध्ये, जमीन सगळ्यात कोरडी असताना. गुहागरला कोणी मिळालं नाही तर व्यनि (खाजगी निरोप) करा, मी येऊन बघून जातो.